ज्याचं त्याने चढायचं

१

हे कोणाला सांगायचं नाही असं आईने मला बजावलंय. मैत्रिणींना नाही, आजोबांना नाही, बाबांना तर अजिबात नाही. मी मान डोलावली होती. पण सांगायचं नाही म्हणजे बोलायचं नाही, असा अर्थ मी आता घेतला आहे. तसंही मला बोलून काही सांगता येत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नाही. लिहिताना कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहितेय.

मी रुतिका. जूनमध्ये दहावीत जाईन. खांदेश्वर स्टेशनजवळ एका सोसायटीत आम्ही राहतो. आई, बाबा, मी आणि माझा आठ वर्षांचा भाऊ प्रणय. आम्हा दोघांच्या खोलीत दुमजली पलंग आहे. वर मी झोपते, खाली प्रणय. पलंगाला लोखंडी शिडी आहे आणि तिची मधली पायरी कुरकुरते.

रोज सकाळी आईची हाक यायच्या आधी ती पायरी कुरकुरायची. प्रणय वर यायचा, "रुते, सरक" म्हणायचा आणि माझ्या उशीवर डोकं टाकून पुन्हा झोपायचा. सहा वर्षांनी मोठ्या बहिणीला कोणी 'रुते' म्हणतं का? मी रोज चिडायचे. ताई म्हण, असं मी त्याला कितीतरी वेळा सांगितलं होतं.

आता तो मला ताई म्हणतो. आणि वर येत नाही.

२

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आडबंदरला गेलो होतो. मालवण सोडून बरंच पुढे गेलं की रस्ता अरुंद होत होत एका देवळापाशी संपतो, तिथून खाली उतरलं की गाव. माडांमध्ये थोडी घरं, एक दुकान, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. मोबाईलला रेंज फक्त देवळाच्या पायरीवर. गावासमोर समुद्रात प्रवाळाचं बेट आहे. म्हणजे बेट दिसत नाही, सगळं पाण्याखाली. गावातले लोक त्याला नुसतं खडप म्हणतात. बाबांच्या ऑफिसमधलं कोणीतरी तिथे जाऊन आलं होतं आणि फोटो बघून प्रणयने महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

बाबा मूळचे करावे गावचे. आमचे आजोबा, धर्मा, अजून तिथेच राहतात. आयुष्यभर त्यांनी खाडीत जाळी टाकली. खाडीत पाण्यापेक्षा चिखलाची भीती जास्त. ओहोटीला माणूस त्यात कमरेपर्यंत जातो आणि जितकी धडपड करेल तितका आणखी जातो. म्हणून आमच्याकडे पद्धत आहे: होडीत असलेल्याने आधी हात द्यायचा, मग कोण आणि काय ते विचारायचं. आजोबांनी बाबांना चालायला शिकवलं तेव्हाच हे शिकवलं असणार. बाबा अजूनही रिक्षातून उतरणाऱ्या अनोळखी बाईला हात देतात आणि आई त्यांच्याकडे रागाने बघते.

आईचं माहेर साताऱ्याकडचं. तिला पोहता येत नाही आणि पाण्यात पाय घालायलाही आवडत नाही.

आम्ही ज्या घरात उतरलो होतो त्यांनीच होडीवाल्याला सांगून ठेवलं होतं. त्याचं नाव पंढरी. काटक, कमी बोलणारा माणूस, केस मिठाने ताठ झालेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रणयने आमच्या नकळत आंबा कापायला घेतला आणि अंगठा कापून घेतला. आईने त्यावर हिरव्या डायनोसॉरची पट्टी लावली. सकाळी पंढरीने ती पट्टी बघितली आणि मीठ लागेल, झोंबेल, असं म्हणाला. प्रणय म्हणाला, झोंबू दे.

होडीत बसण्याआधी पंढरीने सगळं समजावलं. जॅकेट कसं बांधायचं, चष्मा कसा घट्ट करायचा, नळी दातांत कशी धरायची. नाक विसरायचं, श्वास फक्त तोंडाने. मग त्याने होडीच्या उजव्या बाजूला बांधलेली शिडी दाखवली. नायलॉनचे दोर आणि लाकडी पायऱ्या.

"वर येताना हात देव नकात कोणी," तो म्हणाला. "ज्याचा तेना चढूचा."

बाबा हसले. "अहो, आम्ही खाडीचे लोक. आम्हाला हात द्यायचा नाही म्हणजे कसं व्हायचं?"

"खाडीत देवा," पंढरी म्हणाला. "हय नको."

बाबांनी नंतर आमच्याकडे वळून डोळा मारला. मला वाटलं, होडी कलंडू नये म्हणून सांगत असेल. तेच कारण असणार असं मला अजूनही कधी कधी वाटतं.

३

त्या दिवशी माझी पाळी आली होती. आईने बाबांना माझं पोट दुखतंय एवढंच सांगितलं आणि मी तिच्याबरोबर होडीतच बसून राहिले. म्हणून मी सगळं वरून पाहिलं.

खडपावर पाण्याचा रंग बदलतो, तपकिरी होतो. मी काठावरून वाकून पाहिलं. फोटोतले लाल-गुलाबी रंग कुठेच नव्हते. खाली फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे राखाडी गोळे दाटीवाटीने उभे होते आणि त्यांच्यामध्ये काळ्या फटी होत्या. पट्ट्यापट्ट्यांचे मासे त्या फटींवरून जात होते, पण एकही मासा फटीत शिरत नव्हता. हे मी बराच वेळ बघत राहिले. आईला दाखवलं तर ती म्हणाली, वाकू नकोस.

पंढरी मोठी रबरी रिंग घेऊन पाण्यात होता. एका बाजूने बाबा रिंगला धरून, दुसऱ्या बाजूने प्रणय. तोंडं पाण्यात, पाठी वर, दोन नळ्या. त्या नळ्यांतून श्वासाचा आवाज होडीपर्यंत येत होता. कोणीतरी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा, आधी आत, मग बाहेर.

आधी बाबा वर आले. शिडी चढताना त्यांचा पाय दोनदा सटकला आणि आई हसली. बाबा म्हणाले, बघ, नियम पाळला हां मी. पंढरी त्यांच्यामागून चढला आणि नांगर ओढायच्या तयारीला लागला. प्रणय रिंगला धरून शिडीपासून थोड्याच अंतरावर पाय मारत होता. पंढरीने त्याला हाक मारून शिडीकडे यायला सांगितलं. मी ते बघितलं, आणि बाबांना पाण्याची बाटली द्यायला वळले.

बाबा डाव्या काठावर बसून केस पुसत होते. त्यांच्या पाठीमागून पाण्यातून एक हात वर आला. लहान मुलाचा हात, पंजा उघडलेला. मग चष्मा आणि नळी.

"आला बघ आमचा मासा," बाबा वळून म्हणाले आणि टॉवेल टाकून त्यांनी हात दिला.

एका झटक्यात प्रणय आत आला. जॅकेट नव्हतं. आईने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं, चष्मा काढला, तोंडातली नळी काढली. नळी निघताना त्याने ती दातांत जरा धरून ठेवली होती. पंढरी उजव्या बाजूला शिडीपाशी उभा होता. तो वळला, त्याने प्रणयकडे पाहिलं. मग पुन्हा शिडीकडे पाहिलं.

"खंयसून घेतलात तेका?" त्याने विचारलं.

"इकडून. का?"

पंढरी अजून शिडीकडेच बघत होता. मीही शिडीकडे पाहिलं. तिचे दोन्ही दोर ताणलेले होते. लाट नव्हती, आणि तरी होडी त्या बाजूला किंचित झुकली होती.

मी पंढरीच्या शेजारीच होते. सगळ्यात खालची पायरी पाण्याच्या जेमतेम खाली होती. त्या पायरीवर बोटं होती. चार बोटं वरून वळलेली, अंगठा खालून. अंगठ्याला हिरवी पट्टी होती, भिजून एका बाजूने सुटलेली.

पंढरीने तशीच पाण्यात उडी मारली.

तो बऱ्याच वेळाने वर आला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. बाबा हैराण झाले होते, काय शोधताय म्हणून विचारत होते. पंढरी स्वतःचा स्वतः चढला आणि हात जोडून म्हणाला की मुलाला एकदा परत पाण्यात सोडा आणि शिडीने वर येऊ द्या. बाबा भडकले. पोर गारठलंय, जॅकेटचं बक्कल तुमचं तकलादू, नशीब होडीच्या दोराला धरून इकडे आला. आई तर प्रणयला सोडायलाच तयार नव्हती. पंढरीने शिडी तशीच सोडून ठेवली. बाबांनी तीनचारदा सांगितल्यावर त्याने ती ओढून घेतली, एकेक पायरी थांबत, पाण्याकडे बघत.

रिंग रिकामीच ओढत आणली.

४

त्याच संध्याकाळी मी आईला पायरीवरच्या बोटांचं सांगितलं. मला ते सांगायला खूप वेळ लागला. आईने मधे एकदाही टोकलं नाही. मग ती म्हणाली, उन्हात डोळे दिपतात. मग म्हणाली, हे कोणाला सांगायचं नाही. बाबांना तर अजिबात नाही.

प्रणयच्या अंगठ्यावर पट्टी नव्हती. पाण्यात निघाली असणार. जखमही दिसत नव्हती. मिठाच्या पाण्याने जखमा लवकर भरतात, असं मी स्वतःला सांगितलं. विज्ञानाच्या पुस्तकात असं कुठेतरी असेलच.

परतीच्या प्रवासात बाबांनी गाडीच्या काचा बंद करून एसी लावला. थोड्या वेळाने त्यांनी गाणी बंद केली आणि कान देऊन ऐकत राहिले. एसीतून आवाज येतोय, ते म्हणाले. वारा अडकल्यासारखा. पुढच्या पेट्रोल पंपावर त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं. एसी बंद होता, इंजिन बंद होतं, आणि आवाज मागच्या सीटवरून येत होता. माझ्या शेजारी प्रणय झोपला होता. नाक स्वच्छ होतं, पण श्वास तोंडाने चालला होता. ओठ गोल करून, काहीतरी दातांत धरल्यासारखे. आधी आत, मग बाहेर.

"सवय लागली बघ त्याला," बाबा म्हणाले. "नाकच विसरला."

ते स्वतःच हसले. मी खिडकीला आणखी चिकटून बसले.

५

घरी आल्यावर मी कारणं शोधायला लागले. कारणं मिळत होती, हेच जास्त वाईट होतं.

तोंडाने श्वास घेतो, याला डॉक्टरांनी नाकामागची गाठ सुजली आहे असं कारण दिलं आणि ड्रॉप्स दिले. जेवण कमी केलं, याला उन्हाळा. खेळायला खाली जात नाही, याला सुट्टीत गावी गेलेले मित्र. मला ताई म्हणतो, याला तर कारणही नको होतं. मीच मागितलं होतं.

पण एका गोष्टीला मला कारण सापडेना. तो कशावरही स्वतः चढत नव्हता.

रिक्षात बसायचं, हात पुढे. फूटपाथवर पाय ठेवायचा, हात पुढे. बिल्डिंगच्या तीन पायऱ्या, हात पुढे. खुर्चीवर बसायचं असेल तर खुर्चीपाशी उभा राहून तो कोणीतरी यायची वाट बघायचा. आपण लक्ष दिलं नाही तर हाक मारायचा नाही, रडायचा नाही. नुसता उघडा पंजा पुढे करून उभा राहायचा. एकदा मी खोलीतून पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा तो पलंगापाशी तसा उभा होता. नंतर हॉलमध्ये बसून चित्रकला केली, चित्र रंगवून झालं, परत गेले तेव्हाही तसाच उभा होता.

"हात दे, ताई," तो म्हणाला.

मी चित्राची वही छातीशी धरली आणि आईला बोलावलं. मी त्याला एकदाही हात दिलेला नाही. घरात वावरताना मी कायम काहीतरी धरून असते, पुस्तक, बाटली, कपड्यांची बादली. तो माझ्या तोंडाकडे बघत नाही. हातांकडे बघतो.

बाबांना याचं कौतुक वाटायचं. राजा लाडात आलाय, म्हणायचे आणि येता-जाता त्याला हात द्यायचे. मग त्यांच्या उजव्या तळव्याची कातडी बदलली. खूप वेळ कपडे धुतल्यावर होते तशी पांढरी, सुरकुतलेली. आधी त्यांना वाटलं, ऑफिसमधला हँडवॉश. त्यांनी मलम आणलं. आता ते जेवताना वरण-भात चमच्याने खातात आणि उजवा हात टेबलाखाली ठेवतात. मी बघितलं की आणखी आत सरकवतात.

६

रविवारी आम्ही करावेला आजोबांकडे गेलो. आजोबांच्या घराला ओटा आहे आणि ओट्याला तीन उंच पायऱ्या. आजोबा जाळं विणत ओट्यावर बसले होते. आता जाळं लागत नाही कोणाला, पण त्यांचे हात रिकामे राहत नाहीत.

आई-बाबा गाडीतून पिशव्या काढत होते. प्रणय पुढे गेला, पायऱ्यांखाली उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

आजोबांनी जाळं खाली ठेवलं. मला वाटलं ते लगेच उठतील. माझ्या आठवणीत असं कधी झालंच नव्हतं की कोणी आजोबांपुढे हात केला आणि त्यांनी धरला नाही. ते थोडे पुढे वाकलेही. मग थांबले. प्रणयच्या गोल झालेल्या ओठांकडे त्यांनी पाहिलं, श्वासाचा आवाज ऐकला. आणि आपले दोन्ही हात उचलून काखेत घातले.

"चढ तुजा तू," ते म्हणाले.

प्रणय हलला नाही. बारा वाजताचं ऊन होतं. शेजारच्या बायका मासे साफ करता करता बघायला लागल्या, एकीने थट्टा केली की म्हाताऱ्याला नातू जड झाला. आजोबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते घामाघूम झाले होते आणि काखेतले हात त्यांनी इतके घट्ट धरले होते की खांदे कापत होते. तेवढ्यात बाबा आले, प्रणयला हात देऊन वर घेतलं आणि आजोबांना म्हणाले, काय हे बाबा, लहान पोराशी कसले खेळ.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर आजोबांनी मला मागच्या दारी बोलावलं. तिकडे काय झालं ते विचारलं. मी आईला शब्द दिला होता, म्हणून मी गप्प राहिले. त्यांनी विचारलं, शिडी होती का. मी मान डोलावली. त्यांनी विचारलं, शिडीवरून आला का. मी मान डोलावली नाही.

"बुडनारा हात मागतो," ते म्हणाले. "ह्यो जमिनीवर ऱ्हाऊन कनाला मागतो?"

मी विचारलं, मग आपला कुठे आहे. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, पण त्यांना आला.

"आपला असंल तर येल," आजोबा म्हणाले. "त्येचा त्यो येल. तवा तू हात नको देव. कितीबी वाटला तरी."

संध्याकाळी ते बाबांशी बोलले. दार लावून बोलले, तरी बाबांचा आवाज बाहेर येत होता. ते म्हणत होते की आपला मुलगा आजारी आहे आणि तुम्हाला त्याला परत समुद्रात टाकायचंय. आम्ही न जेवता निघालो. निघताना प्रणयने गाडीत चढायला हात पुढे केला आणि बाबांनी तो दिला. डावा हात दिला.

७

आडबंदरच्या होड्या जूनच्या आधी बंद होतात. पावसाळ्यात समुद्र कोणाला जवळ करत नाही. होड्या वाळूवर चढवायच्या, माडाच्या झापांनी झाकायच्या, ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. हे पंढरीने आम्हाला जाताना सांगितलं होतं, तेव्हा ती नुसती माहिती होती.

मी ठरवलं होतं की आईशी बोलायचं. बोलता येईना म्हणून दोन दिवस तिच्या मागेमागे फिरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. प्रणय स्टुलावर बसला होता. आई त्याच्यापुढे गुडघ्यांवर होती, हातात डायनोसॉरच्या पट्ट्यांचं पाकीट. तिने त्याच्या अंगठ्यावरची पट्टी सोडवली. खाली काही नव्हतं. जखम नव्हती, वण नव्हता. अंगठा गुळगुळीत होता, आणि त्यावरच्या रेषाही मला दिसल्या नाहीत. आईने जुनी पट्टी कचऱ्यात टाकली, नवी काढली, आणि त्याच जागी नीट दाबून लावली. मग त्या अंगठ्याची पापी घेतली.

म्हणजे तिने माझं सगळं खरं मानलं होतं. पहिल्या दिवसापासून.

प्रणयला हॉलमध्ये बसवून ती आली तेव्हा मी तिथेच होते. आम्ही दोघी बाथरूमच्या ओल्या फरशीवर उभ्या होतो. मी म्हटलं, होड्या बंद होतील. मी म्हटलं, पंढरीकाका म्हणाले होते, एकदा शिडीने येऊ द्या.

"आणि कोणीच आलं नाही तर?" आई म्हणाली. ती ओरडली नाही. "ह्याला सोडायचं पाण्यात. मग शिडीकडे बघत बसायचं. आणि वर कोणीच आलं नाही, तर मी घरी काय घेऊन येऊ, रुतिका?"

तिच्या उजव्या हाताची बोटं पांढरी पडली होती, टोकांपासून. तिने ती साडीला पुसली, पण ती ओली नव्हतीच.

"हा जेवतो," ती म्हणाली. "हा झोपतो. मला आई म्हणतो. बास."

८

त्यानंतर मी बाबांच्या फोनमधून पंढरीचा नंबर घेतला. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे मला ताप येतो. तरी केला. फोन सहसा लागायचा नाही. लागला की मला समजायचं, तो देवळाच्या पायरीवर आहे.

पहिल्यांदा मी फक्त प्रणयची बहीण एवढंच म्हणू शकले. पुढचं तोच बोलला. तो रोज एक फेरी खडपावर नेत होता. गिऱ्हाईक नसलं तरी. तिथे जाऊन शिडी सोडून बसायचा. मी विचारलं, मग. तो म्हणाला, शिडी हलते. दोर ताणले जातात. दोन पायऱ्या, कधी तीन पायऱ्या. मग खालून जड होते आणि सुटते.

"दमता," तो म्हणाला. "ल्हान आसा ना."

मी विचारलं, तुम्ही हात नाही देत? विचारल्यावर मलाच कसंतरी झालं. पंढरी म्हणाला की एकदा त्याचाही हात पुढे गेला होता. पण त्या वेळी होडीच्या दुसऱ्या बाजूलाही एक हात वर आला. तेव्हापासून तो स्वतःच्या हातांवर बसतो.

मग मी रोज फोन करायचे. रोज तो तेच सांगायचा, हलली.

आज सकाळी त्याचाच फोन आला. समुद्र खवळायला लागलाय, कालची फेरी शेवटची, होडी आता वाळूवर आहे. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"परवापर्यंत शिडी हलत होती," तो म्हणाला. "काल हलूक नाय. दिवसभर थांबलंय मी. अजिबात हलूक नाय."

मी विचारलं, म्हणजे काय. तो म्हणाला, माका म्हायत नाय, बाय. आणि फोन कट झाला, किंवा तो पायरीवरून उतरला असेल.

९

आता दुपार आहे. मी वरच्या पलंगावर बसून हे लिहितेय. बाबा ऑफिसला गेले आहेत. आई हॉलमध्ये टीव्ही लावून बसली आहे, पण आवाज बंद आहे. तिला आता आवाज नको असतो. ती स्वतः कसा श्वास घेते याकडे मी बघायचं टाळते.

खाली तो झोपला आहे. मघाशी आईनेच हात देऊन झोपवलं. नळीचा आवाज येतोय, आधी आत, मग बाहेर. इतक्या दिवसांत मला तो पाठ झाला आहे. पंख्याच्या आवाजातूनही वेगळा काढता येतो.

हे लिहून झालं की मी ही पानं आजोबांना नेऊन देणार होते. त्यांच्याकडे अजून एक छोटी होडी आहे. खाडी समुद्रालाच मिळते, आणि शिडी तर कुठेही बांधता येते. असं काहीतरी मी मनात जुळवत होते. पण पंढरीचं ते वाक्य मधे येतंय. हलूक नाय. मला वाटत होतं त्याचा एकच अर्थ होतो.

मघाशी पलंग किंचित झुकला. मी आधी लक्ष दिलं नाही. मग पायाकडच्या बाजूने खारट वास आला, ओल्या दोराचा. मला वाटलं, खालचा उठला असेल, उभा राहून हात पुढे करत असेल. मी कान दिला. खालचा श्वास तसाच चालला आहे, झोपेतला, मोठा. आधी आत, मग बाहेर.

मधली पायरी कुरकुरली.

मी हलले नाही. पेन हातात आहे तोवर मला दुसरं काही करावं लागणार नाही म्हणून लिहीत राहिले आहे. कोणीतरी थांबलंय. दम घेतंय. नाकाने, सर्दी झाल्यावर घेतो तसा, सूं सूं करत. माझा हात पुढे जातोय, तो मी मांडीखाली घातला आहे. डाव्याने लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

वरच्या पायरीवर बोटं आली आहेत. खूप पांढरी आहेत. पुढचं मी बघत नाही, फक्त बोटं बघते. चार वरून, अंगठा खालून, आणि अंगठ्याला हिरवी

"रुते, सरक."

मी सरकून